बाळाच्या शिरेतले अन्न : प्रस्तावना

आईच्या पोटात असताना प्रत्येक माणूस शिरेतूनच जेवलेला असतो. वारेकडून निघालेली नाळेतली एकच शीर बाळाला साखर, अमिनो आम्ले, स्निग्धांश, कॅल्शियम, लोह असे सगळे पोचवते. तोंड आणि पोट तोवर नुसता सराव करत असतात. दिवस भरले, बाळ रडले, आईच्या अंगावर प्यायला लागले, की हा पहिला रस्ता बंद होतो आणि दुसरा सुरू होतो. पण २८ आठवड्यांना, किलोभर वजनाचे बाळ जन्माला येते तेव्हा नाळ कापली गेलेली असते आणि पोट अजून तयार नसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळीतून घातलेले थेंबभर दूधही कधी पचते, कधी पोट फुगते. अशा बाळाला मधल्या दिवसांत अन्न कसे द्यायचे, आणि ते रोज, बिनचूक, सगळ्यांना सारख्याच खात्रीने कसे द्यायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

तो तातडीचा का आहे, हे एका हिशेबावरून कळेल. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्न पूर्ण बंद झाले तर शरीराचा साठा किती दिवस पुरेल याचा अंदाज मांडला होता. प्रौढ माणसाला सुमारे ९० दिवस, पूर्ण दिवसांच्या बाळाला ३२ दिवस आणि १ किलोच्या बाळाला अवघे ४ दिवस. एवढ्याशा बाळाच्या अंगावर चरबी जवळपास नसतेच. यकृतातली साखर काही तासांत संपते आणि मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून जगू लागते. ज्या आठवड्यांत मेंदू सर्वांत वेगाने वाढायचा, नेमक्या त्याच आठवड्यांत उपास घडतो.

आपल्याकडे अशा वेळी घरचे लोक विचारतात, "सलाईन चालू आहे ना? मग ताकद येईल." ही समजूत शहरात आहे आणि खेड्यातही आहे. म्हणून आधी तिचाच हिशेब करू. साध्या सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, एकही कॅलरी नसते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि तिच्यापासून सुमारे ८५ कॅलरी मिळतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीची एक बेताची भाकरी याच्या दुपटीहून अधिक देते, शिवाय तिच्यात प्रथिने असतात, बाटलीत ती नसतात. १ किलोच्या बाळाला दिवसाला १० टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर दिले तर त्याला ३४ कॅलरी मिळतात. शिरेतून वाढ होण्यासाठी त्याला लागतात ९० ते १२०. तेव्हा सलाईन चालू असूनही बाळ उपाशी असू शकते. पालकांनीच काय, रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर कोरून ठेवायला हवे.

शिरेतून पूर्ण पोषण देणे, ज्याला वॉर्डात सगळे 'टीपीएन' म्हणतात, ही गोष्ट सलाईनहून फार वेगळी आहे. त्यात ग्लुकोज असते, अमिनो आम्ले असतात, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असलेले दुधासारखे पांढरे द्रावण असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, जस्त, तांबे, सेलेनियम आणि जीवनसत्त्वे असतात. अकाली जन्मलेल्या बाळाला पहिल्याच दिवशी किलोमागे किमान १.५ ग्रॅम अमिनो आम्ले द्यावीत आणि दुसऱ्या दिवसापासून ती २.५ ते ३.५ ग्रॅमपर्यंत न्यावीत, स्निग्धांश ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे आजचे मार्गदर्शन आहे. हाताच्या बारीक शिरेतून १२.५ टक्क्यांहून दाट साखर दिली तर शीर सुजते, म्हणून नाभीच्या शिरेतून किंवा हातापायातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेल्या बारीक नळीतून हे अन्न द्यावे लागते. आतडे बाहेर घेऊन जन्मलेले बाळ, अन्ननलिका अर्धवट बनलेले बाळ, आतड्याचा तुकडा सडल्याने शस्त्रक्रिया झालेले बाळ, कर्करोगाच्या औषधांनी तोंडापासून आतड्यापर्यंत सोलवटून निघालेले मूल, या सगळ्यांना काही दिवस, काही आठवडे, कधी काही महिने हाच आधार असतो.

हे शास्त्र फार जुने नाही. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचे पाणी देऊन मरणाच्या दारातले रोगी उठवले. अन्न शिरेतून देण्यासाठी मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉबर्ट एल्मन यांनी दुधातील प्रथिने आधीच पचवून, त्यांचे द्रावण शिरेतून देऊन दाखवले. १९४४ मध्ये एका कुपोषित बालकाला काही दिवस साखर, प्रथिने आणि तेल असे तिन्ही शिरेतून दिल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेलाचा प्रश्न मात्र अडून राहिला. अमेरिकेतील सरकीच्या तेलाचे द्रावण घातक ठरले आणि बाजारातून काढून घ्यावे लागले. तो प्रश्न सोडवला स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी. सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील फॉस्फोलिपिड यांपासून त्यांनी बनवलेले इंट्रालिपिड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आले आणि आजही जगभर वापरले जाते.

त्याच दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक यांनी बीगल जातीच्या पिल्लांना महिनोन्महिने केवळ शिरेतून अन्न दिले. ती पिल्ले तोंडाने खाणाऱ्या भावंडांइतकीच वाढली. १९६७ मध्ये तिथल्या मुलांच्या रुग्णालयात जवळजवळ सगळे लहान आतडे निकामी असलेली एक नवजात मुलगी आली. डग्लस विल्मोर आणि डुड्रिक यांनी तिला शिरेतून वाढवले. तिचे वजन वाढले, उंची वाढली, डोक्याचा घेर वाढला. ती पुढे फार काळ जगली नाही, पण १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वाढीच्या नोंदीने जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना सांगितले की तोंडाने काही न घेताही मूल वाढू शकते.

तेव्हापासून हे अन्न बनवायची पद्धत मात्र प्रत्येक मुलासाठी वेगळी राहिली. सकाळी रक्ताचे अहवाल यायचे, निवासी डॉक्टर हिशेब मांडायचे, किती मिलिलिटर अमिनो आम्ले, किती डेक्स्ट्रोज, किती पोटॅशियम हे लिहायचे, आणि मग सिस्टर किंवा फार्मासिस्ट ते मिसळायचे. अनेक ठिकाणी आजही असेच चालते. जिथे त्यासाठी वेगळी स्वच्छ खोली नाही, गाळलेल्या हवेचा लॅमिनर फ्लो नाही, तिथे वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकामागून एक अँप्यूल फोडून बाटली भरली जाते. एका बाटलीसाठी दहा-बारा वेळा सुई आत जाते आणि प्रत्येक वेळी जंतू आत जाण्याची संधी मिळते.

हिशेबाची जोखीम याहून मोठी आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. १ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण २ लागते. म्हणजे एका अँप्यूलमध्ये अशा दहा बाळांचा दिवसाचा वाटा असतो. दशांशचिन्ह एका घराने सरकले तर त्या बाळाचे हृदय थांबू शकते. कॅल्शियम आणि फॉस्फेट चुकीच्या क्रमाने किंवा जास्त प्रमाणात मिसळले तर त्यांचे बारीक खडे तयार होतात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा घटनांत रुग्ण दगावल्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्व रुग्णालयांना सावधगिरीची सूचना दिली होती. पांढऱ्या द्रावणात हे खडे डोळ्यांना दिसतही नाहीत. रात्री दोन वाजता, वीस बाळांच्या कक्षात, दोन सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर असताना हा हिशेब रोज अचूक यावा ही अपेक्षा माणसावर अन्याय करणारी आहे, आणि बाळावर त्याहून अधिक.

प्रमाणित पोषणाची कल्पना इथून सुरू होते. वय आणि वजन यांचे मोजके गट करायचे. पहिल्या दोन दिवसांसाठी एक सूत्र, त्यानंतरच्या अकाली बाळासाठी दुसरे, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी तिसरे, मोठ्या मुलासाठी चौथे. प्रत्येक सूत्रात कोणता घटक किती, तो कोणत्या क्रमाने मिसळायचा, किती दिवस टिकतो, हे आधी तपासून ठरवायचे. मग पिशव्या एका स्वच्छ जागी, प्रशिक्षित हातांनी, एका वेळी अनेक बनवायच्या आणि त्यांच्यावर सारखीच चिठ्ठी लावायची. कारखान्यात बनणाऱ्या तीन कप्प्यांच्या पिशव्याही आहेत. त्यांत साखर, अमिनो आम्ले आणि तेल वेगवेगळे राहतात आणि लावण्याआधी मधले पडदे दाबून एकत्र करतात. वॉर्डातल्या डॉक्टरला मग उरतो एकच मोठा प्रश्न : या वजनाला तासाला किती मिलिलिटर? पिशवी तयार असल्यामुळे बाळ सकाळच्या अहवालाची वाट पाहत नाही. जन्मानंतर काही तासांतच त्याचे जेवण सुरू होते.

या बाजूने आता जाणत्या संस्था उभ्या आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील नवजात कक्षांनी एकत्र बसून ठरवलेली समान सूत्रे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपातील बालपोषण आणि बालरोग संस्थांच्या २०१८ च्या संयुक्त मार्गदर्शनात, बहुसंख्य मुलांसाठी आणि अगदी कमी वजनाच्या बाळांसाठीही प्रमाणित द्रावणेच वापरावीत असे म्हटले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२० मध्ये नवजात बाळांसाठी तेच सांगितले.

"प्रत्येक मूल वेगळे असते, मग सगळ्यांना एकच सूत्र कसे?" हा प्रश्न अनुभवी डॉक्टरही विचारतात, आणि तो आदराने ऐकावा असा आहे. त्याचे उत्तर आपल्याच देशात सापडते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात सीमेवरच्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज ठरलेल्या मापाने मिसळून पिशव्या भरून घेतल्या आणि ते पाण्यातून पाजायला नातेवाइकांनाच शिकवले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. प्रत्येक रुग्णाचे सोडियम मोजत बसले असते तर ती माणसे वाचली नसती. तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रांत दिले जाणारे एफ-७५ आणि एफ-१०० हे आहारही असेच ठरीव आहेत. चांगले सूत्र एकदा नीट ठरवले की ते तज्ज्ञाचे शहाणपण तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी घेऊन जाते.

तरी सूत्राला मर्यादा आहेत. मूत्रपिंड बंद पडलेले मूल, यकृत बिघडलेले मूल, पोटावरच्या कृत्रिम मार्गातून लिटरभर पाणी गमावणारे मूल, चयापचयाचा जन्मजात आजार असलेले मूल आणि आतडेच तोकडे असल्याने महिनोन्महिने शिरेतून जगणारे मूल यांच्यासाठी वेगळा हिशेब लागतोच. प्रमाणित पद्धतीचा एक मोठा फायदा असा की नेहमीच्या बाळांचा हिशेब सुटल्याने तज्ज्ञाचा वेळ या मुलांसाठी मोकळा होतो.

आणखी दोन इशारे. पहिला : सूत्र चुकले तर चूकही अनेकांपर्यंत पोचते. २०१३ मध्ये युरोपात अकाली बाळांसाठीची एक तीन कप्प्यांची पिशवी परत मागवावी लागली, कारण त्या बाळांच्या रक्तात मॅग्नेशियम वाढत होते. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार पोषणद्रावणातून बॅसिलस सिरियस हा जंतू नवजात कक्षांत पोचला आणि तीन बाळे दगावली. म्हणून प्रत्येक पिशवीचा तुकडी क्रमांक नोंदवणे आणि रक्तातील साखर, क्षार, बिलिरुबिन, वजन यांवर लक्ष ठेवणे ही या पद्धतीची अटच आहे. दुसरा : हे अन्न सगळ्यांना आणि लगेच हवे असते असे नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातील अतिदक्षता विभागांत १४४० मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर आजारी मुलांना पहिला आठवडा शिरेतून अन्न दिले नाही, तेव्हा नवा जंतुसंसर्ग १०.७ टक्क्यांना झाला. लगेच दिले त्यांच्यात १८.५ टक्क्यांना. हा अभ्यास पूर्ण दिवसांच्या बाळांपासून १७ वर्षांपर्यंतच्या मुलांचा होता. अकाली जन्मलेल्या किलोभराच्या बाळाला तो लागू होत नाही. त्याच्याकडे आठवडाभराचा साठाच नसतो. आणि तीव्र कुपोषित मुलाचे पोट चालत असेल तर त्याला तोंडानेच द्यावे. शिरेतला पाण्याचा भार त्याच्या थकलेल्या हृदयाला पेलत नाही.

या सगळ्याच्या वर एक नियम आहे : आतडे चालत असेल तेवढे वापरा. शिरेतून अन्न चालू असतानाही आईच्या चिकाचे काही थेंब नळीतून बाळाच्या पोटात गेलेच पाहिजेत, नाहीतर आतड्याचे अस्तर वाळते. जसजसे दूध वाढते तसतसे शिरेतले अन्न कमी करायचे आणि नळी लवकरात लवकर काढायची, कारण दिवसागणिक जंतुसंसर्गाचा आणि यकृताच्या काविळीचा धोका वाढतो. आईला दूध पुरेसे येत नसेल तर दुसऱ्या मातेचे, तपासलेले आणि पाश्चराइज केलेले दूध हा पुढचा पर्याय. त्याची वाट महाराष्ट्रानेच दाखवली. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आता ही पुस्तिका ज्या सोलापूरसाठी लिहिली आहे तिकडे येऊ. इथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ ची. त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय लोकांच्या तोंडी 'सिव्हिल' आहे. जिल्ह्याचे अकरा तालुके, शेजारचा धाराशिव आणि सीमेपलीकडचे विजयपूर, कलबुर्गी इथून बाळंतिणी इथे येतात. एकाच कक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू ऐकू येते. कुंभारीच्या वसाहतीतून किंवा शहराच्या पूर्वभागातून आलेली एखादी आई गरोदरपणातही विड्या वळत असते. तंबाखूशी येणारा संबंध आणि कमी वजनाची बाळे यांचे नाते वैद्यकाला ठाऊक आहे. एखादी ऊसतोडीवरून आलेली असते. "बाळ पेटीत ठेवलंय," एवढेच तिला कळलेले असते. पेटीत ठेवलेल्या बाळाला खायला काय देतात, हे तिला तिच्या भाषेत सांगणारे कोणीतरी हवे. ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे पहिले कारण तेच.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पुणे इथून अडीचशे किलोमीटर आहे. कोवळ्या बाळाला तिथवर नेणे हेच अनेकदा त्याच्या जिवावर बेतते. म्हणून हे अन्न सोलापुरातच मिळाले पाहिजे. मिसळून ठेवलेल्या पिशव्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो. वीज गेली की फ्रीजची काळजी आलीच. प्रत्येक लहान रुग्णालयाने स्वतंत्र स्वच्छ कक्ष उभारणे परवडणारे नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण सगळ्यांनी सूत्रे एक ठरवली, तर शहरासाठी एकच चांगला कक्ष पुरे. तिथे तयार झालेल्या, तपासलेल्या पिशव्या सरकारी, धर्मादाय आणि खासगी नवजात कक्षांना सारख्याच मिळतील. हे सोलापूरला अवघड वाटू नये. साखर कारखान्यांपासून यंत्रमागापर्यंत सहकाराने उभा राहिलेला हा जिल्हा आहे. सहकारी तत्त्वावर चालणारे अश्विनी रुग्णालय याच शहरात आहे. ऊस एकत्र गाळता येतो, तर अकाली बाळांचे अन्नही एकत्र, एका जागी, चोख बनवता येईल.

पुस्तिकेची रचना साधी आहे. पहिला भाग पालकांसाठी : बाळाला काय चालू आहे, का, किती दिवस, आणि आईने त्या काळात दूध काढत राहणे किती मोलाचे आहे. दुसरा भाग सिस्टरांसाठी : नळीची निगा, हात धुणे, पिशवी प्रकाशापासून झाकणे, पंपाचा वेग दोघींनी वेगवेगळा तपासणे, सुजलेली शीर ओळखणे. तिसरा भाग डॉक्टर आणि फार्मासिस्टांसाठी : सूत्रे, तपासण्यांचे वेळापत्रक आणि सूत्र सोडून कधी वेगळा हिशेब करायचा त्याची यादी. मधल्या तक्त्यांची पाने भिंतीवर लावता येतील अशी ठेवली आहेत.

रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढचा व्हेंटिलेटर घेण्याआधी आपल्या कक्षात पोषण कोण, कुठे आणि कसे मिसळते ते एकदा रात्रपाळीला जाऊन पाहावे. सिस्टरांना विनंती की शंका आली तर पिशवी लावू नये आणि विचारायला संकोचू नये. पालकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न निःशंक विचारावेत : बाळाला आज प्रथिने मिळाली का? आईचे दूध किती गेले? काल आणि आज वजन किती? अकाली जन्मलेल्या बाळाला आपली भूक रडून सांगता येत नाही. त्याच्या वतीने हे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील, आणि ते आजपासून विचारावेत.